मोटरच्या खोलीतले दोन तास

चिमणाबाईचं रान मुरगूडपासून मैलभरावर. सकाळी ती म्हशीला वैरण कापायला निघाली, तसा तिचा कुत्रा बंड्याही मागोमाग आला. उसाच्या कडेला तो एकाएकी थबकला आणि शेपूट घालून तिच्या पायात शिरला. तिनं मान वर केली, तर दहा-बारा पावलांवर बिबट्या उभा.

ती ओरडली नाही. हातातला विळा टाकून बंड्याला काखेत मारलं आणि पाठ न दाखवता मागं सरकत सरकत विहिरीकडेच्या मोटरच्या खोलीत शिरली. पत्र्याच्या दाराला आतनं कडी नव्हती. दाराला पाठ लावून ती खाली बसली, मोटरच्या कट्ट्याला पाय रेटले. मग कशीबशी धाकट्या दिराला, आकारामला, फोन लावला. आलोच म्हणाला तो. फोन मांडीवर टाकून तिनं बंड्याचं तोंड दाबून धरलं. तो भुंकला असता तर संपलंच होतं.

आकाराम आला, पण त्याच्यामागं अर्धं गाव आलं. कुणी डबे बडवत होतं, कुणी बांधावर चढून मोबाईल धरला होता. कुणीतरी फटाका लावला आणि त्याच क्षणी तिच्या पाठीवर पत्रा दणकन आदळला. तिनं मान वळवून दाराच्या गंजलेल्या भोकातून बघितलं. पिवळं अंग दाराला चिकटून बसलं होतं. समोर माणसं, मागं विहीर. जनावराला जायला वाटच नव्हती. त्याची धाप तिला ऐकू येत होती. पुन्हा फटाका, पुन्हा धक्का. बोटभर फट पडली. तिनं सगळं बळ लावून दार मागं रेटलं.

तिनं एका हातानं परत फोन लावला.

"भावोजी, माणसं माघारी न्या. ते माझ्या दाराशी बसलंय. तुमी हाय तवर ते हलायचं न्हाय."

"आणि तुमाला एकटीला सोडू?"

"व्हय. जावा."

आकारामनं फोन ठेवला. मग माणसांना हाकलताना त्याच्या शिव्या ऐकू आल्या, गलका लांब लांब जात विरला. ती शांतता तिला गलक्याहून जड गेली. आता हाक मारली तरी ऐकायला कुणी नव्हतं. पायांना मुंग्या आल्या होत्या. बंड्या श्वास घेतोय की नाही, तेही कळेना.

कधीतरी पत्र्यावरचा भार गेला. उसाचा पाला सळसळला. तरी ती उठली नाही.

बाराच्या सुमाराला आकारामबरोबर वनखात्याची माणसं आली, दारावर थाप मारून बिबट्या गेल्याचं सांगू लागली. तिला उठता येईना. त्यांनी दार हळूहळू ढकलून तिला बाहेर घेतलं. कुत्र्याच्या तोंडावरची तिची बोटं आकारामनं एकेक करून सोडवली. बंड्या खाली पडला, उठला आणि घराकडं पळत सुटला.

वनखात्याच्या साहेबांनी बजावलं, की ऊस तुटेपर्यंत एकट्यानं रानात यायचं नाही. तोडीला अजून दोन महिने होते. चिमणाबाईनं मान डोलावली आणि म्हैस उपाशी आहे म्हणून विळा शोधायला लागली.