प्रॉम्प्टरची कुजबुज

नोकरी सांभाळायची की माणूस, हा पेच आपल्यापैकी किती जणांच्या घरात सकाळच्या चहाबरोबर येऊन बसतो! परास्काच्या घरात तो बहात्तर सालच्या मार्चमध्ये आला. ती आमच्या गावच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा, त्यात बसायचं आणि नट अडला की हळूच शब्द पुरवायचे. बावीस वर्षं हेच काम.

"आज नुसता कागद वाचायचाय," ती नवऱ्याला म्हणाली. "व्यवस्थापकांनी लिहून दिलाय. किलिनाबाईंविरुद्ध नटांनी सभेत बोलायचं, आणि या शहाण्यांना चार ओळी पाठ होत नाहीत."

ओनिसिम तिथेच सुतार होता. लापशीच्या वाडग्यात त्याचा चमचा थांबला. "म्हणजे बाईंना शिव्या घालायच्या, आणि त्या तू पुरवायच्या?"

"मी कुठे बोलतेय? मी कुजबुजणार."

"वा गं! विष तू कालवायचं आणि पाजलं दुसऱ्यानं म्हणायचं!"

"ही खोली नाट्यगृहाची आहे, विसरलास? काढलं तर तुझ्या आईला घेऊन कुठे जाशील?"

"खोली गेली तर दुसरी शोधू," ओनिसिम म्हणाला. "पण हे एकदा तुझ्या तोंडून गेलं, की परत कसं घेशील?"

परास्काने कोट चढवला आणि ती निघाली.

किलिनाबाई सतराव्या वर्षी या नाट्यगृहात गायिका म्हणून आल्या, पुढे नायिका झाल्या. आजारात गळा गेला, तेव्हा रडत न बसता त्यांनी नाटकं बसवायला घेतली. नव्या नाटकात त्यांनी एका आईला रिकाम्या भांड्यापुढे बसवून अंगाई गायला लावली. सरकारनेच ओढवलेल्या आणि उच्चारायलाही बंदी असलेल्या तेहेतीस सालच्या उपासमारीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तरी म्हाताऱ्या बायका हुंदके देऊन रडल्या. सरकार चालवणाऱ्या पक्षाच्या कचेरीला तेवढं पुरलं.

दहा वाजता सभा भरली. बाई पहिल्या रांगेत एकट्याच बसल्या होत्या. आजूबाजूच्या खुर्च्या सगळ्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या.

"किलिनाबाईंनी रंगभूमीला काळिमा फासला," परास्का कुजबुजली. पहिल्या नटाने ते मोठ्याने म्हटलं. "त्यांना हटवा," ती कुजबुजली. दुसऱ्याने तेही म्हटलं.

तिसरा देम्यान. या अनाथ पोराला बाईंनी स्वतःच्या घरी ठेवून उभं राहायला, बोलायला शिकवलं होतं. त्याने आशेने खड्ड्याकडे पाहिलं. कागदावर ओळ होती: 'त्यांच्या हाताखाली काम केल्याची मला लाज वाटते.'

परास्काची जीभ उचलेना.

"प्रॉम्प्टर!" व्यवस्थापक ओरडले. "झोप लागली का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच परास्का खड्ड्यातून वर रंगमंचावर आली. "हे शब्द या पोराचे नाहीत! मघाचे दोघे बोलले, तेही त्यांचे नव्हते. कागदावरचे होते आणि मी पुरवले. आता नाही पुरवणार!"

टाळी एकही पडली नाही. बाईंना हटवायला संमती म्हणून व्यवस्थापकांनी हात वर करायला सांगितले, सगळे हात वर गेले. देम्यानचा जरा उशिरा गेला, पण गेला. बाईंना प्रेक्षकांचे कोट सांभाळायच्या कामाला लावलं. परास्काची नोकरी त्याच दिवशी गेली आणि आठवड्यात खोलीही.

सभेनंतर ती पायऱ्यांवर बाईंना भेटली. "बाई, ते पहिले दोघे..."

"ठाऊक आहे. इतकी वर्षं तुझ्या कुजबुजीच्या आधाराने उभी राहिले, ती ओळखणार नाही? ते काय ओरडत होते ते ऐकूच आलं नाही गं. मला तुझंच ऐकू येत होतं."

परास्का मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. बाईंनी तिला हात देऊन उठवलं.

वाचकहो, अन्यायाचा आवाज मोठा असतो, पण शब्द त्याला आपल्यासारखेच पुरवतात, खाली मान घालून, 'मी कुठे बोललो' म्हणत. परास्का तिसऱ्यापाशी थांबली, आणि पहिल्या दोघांना पुरवलेले शब्द तिला जन्मभर छळत राहिले. आपण पहिल्यापाशीच थांबू या!