गूळपाणी नाकारणारा डॉक्टर

मैंदर्गीच्या धर्मादाय दवाखान्यापुढं त्र्याहत्तर सालच्या त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. खडेवाले डॉक्टर मानसिंग आले होते! ना चाकू, ना टाका. पोटावर पितळी नळी लावून तोंडानं ओढायचं, की पोटातला खडा बाहेर! "सायन्स आन् सिद्धी, दोनी हायती आपल्याकडं!" गळ्यातला स्टेथोस्कोप कुरवाळत ते सांगत. दवाखान्याचे अध्यक्ष चन्नप्पा त्यांना कायमचं नेमायला निघाले होते.

आत दवाखान्याची डॉक्टर विजयमाला रिकाम्या बाकासमोर बसून होती. मानसिंग गावात आल्यापासून महिनाभर तिच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर येऊन दोन शब्द बोलायची ती एकटी शेजारची म्हातारी, बसव्वा. आज तीही पोट धरून मानसिंगांच्या रांगेत! विजयमाला धावत बाहेर आली.

"अव्वा, हा खडा नाही, अपेंडिक्स आहे. आत्ता सोलापूरला चल, नाहीतर जिवावर बेतेल."

"कापून घिऊ व्हय? तुमी लई मायेच्या बाई, पर हे देवमाणूस हायती की."

विजयमालानं तिचा हात धरला. ही गेली तर बोलायचं कुणाशी?

आणि तिला आठवलं. दारी आलेल्याला, वैद्यालाही, आधी गूळपाणी, ही इथली रीत. मानसिंग खडा काढण्याआधी ते 'उपास हाय' म्हणून नाकारत आणि खडा काढला की तांब्याभर ढोसत. असला कसला हा घटकेत मोडणारा उपास?

"अव्वा, डॉक्टरांना गूळपाणी दिलंस?"

"अय्यो शिवा! इसरलेच की!"

गूळपाणी आलं. "उपास हाय," म्हणत मानसिंगांनी ते नाकारलं.

"माज्या हातचं पानी चालत न्हाय? मग माज्या पोटाला हात लावू नगा!" बसव्वा कडाडली.

"घ्या की एक घोट," चन्नप्पा म्हणाले.

घोट घेतला मात्र, मानसिंगांना जोराचा ठसका लागला आणि गालातले तीन खडे टणाटण फरशीवर पडले. नळी तर अजून पिशवीतच होती!

बसव्वा बघतच राहिली. "खडं माज्या पोटातलं, आन् ह्येच्या तोंडात कसं?"

"तोंडातलेच नळीतून बाहेर सोडतो हा," विजयमाला म्हणाली. "चन्नप्पा, मला नेमताना माझ्या डॉक्टरकीच्या नोंदणीची मुंबईपर्यंत चौकशी केलीत. याची?"

"सिद्धपुरुषाला कसं इचारायचं?" चन्नप्पांनी मान खाली घातली आणि बसव्वाला सोलापूरला न्यायला स्वतःची जीप काढली.

संध्याकाळी सोलापूरहून निरोप आला: अपेंडिक्स फुटायच्या आत काढलं, म्हातारी वाचली. विजयमाला ओट्यावर रडली, एकटीच. शरमेनं गावातलं कुणीच आलं नाही.

बाबांनो, अंगाला हात लावू देण्याआधी विचारा: शिकलास कुठं? नोंद कुठं आहे? विचारल्यानं देव कोपत नाही, न विचारल्यानं माणूस जातं. आणि विजयमालाला तर त्या गावात एकच माणूस होतं.