उशिरा काढलेलं रताळं

मी एक जुनं रताळं आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. बेण्यासाठी राखून ठेवल्यामुळे अजून शाबूत आहे, एवढंच.

माझा जन्म अंधारातला. वर कडक ऊन असे. पानं त्या उन्हात साखर तयार करून खाली पाठवत आणि आम्ही भावंडं तिचं पिष्ट करून अंगात साठवत असू. उन्हाचे दिवस जितके जास्त मिळाले, तितकं आमचं अंग पिठूळ होत गेलं. त्याचा आम्हाला भारी तोरा होता.

या घराचं कामच पिष्ट काढण्याचं. रताळी किसायची, कापडातून पिळायची, ते पाणी पिंपात स्थिर ठेवायचं आणि तळाला बसलेला पांढरा थर वाळवायचा. आई आणि लेकीचं वर्ष त्यावरच निघायचं.

पीक तयार झालंय का, हे बघायला आई एक रताळं कापून उन्हात ठेवी. चीक काळपट वाळला तर माल कच्चा. पांढरा वाळला तर काढायला घ्यायचं. त्या वर्षी माझ्या शेजारच्या भावाला कापलं. चीक पांढराशुभ्र वाळला.

"आई, तयार झालं की! उद्याच काढू या," लेक म्हणाली.

"पहिली कुदळ तुझे बाबा मारतात. ते येऊ देत."

बाबा मालवाहू बोटीवर कामाला गेले होते. रताळी काढायच्या आत येतो, असं सांगून गेले होते. बोटीचा मात्र काही पत्ता नव्हता.

मग ती पावलं यायला लागली. तिन्हीसांजेला कुणीतरी वाफ्यांमधून चालायचं, डावा पाय जरा ओढत. ती चाल बाबांची होती. लावणीपासून आम्ही तिच्याखालीच वाढलो होतो, त्यामुळे मला आधी हायसं वाटलं. पण मित्रांनो, माणूस चालला की माती दबते. या पावलांचा नुसता आवाज यायचा. माती जराही हलायची नाही.

पावलं माझ्या डोक्यावर येऊन बराच वेळ थांबत. मग कुदळ ठेवलेल्या कोपऱ्याकडे जात आणि रिकामीच परत येत. एकदा लेकीनंही ऐकलं.

"आई, वाफ्यात कोण चालतंय गं?"

"कुणी नाही. आत ये, गारठा पडलाय." आईनं तिला आत ओढून दाराला कडी घातली.

गारठा खरंच पडला होता. ऊन नाहीसं झालं, माती ओली राहू लागली. वरून काही येईना. थंडीत आमच्या अंगातलं पिष्ट फुटून त्याची पुन्हा साखर होऊ लागली. ते दुखत नाही. फक्त आपण पूर्वीचे राहत नाही. एरवी जागेवरून भांडणारी माझी भावंडं गोड गोड बोलू लागली, तीही सगळी एकाच आवाजात. मला त्या गोडव्याची फार भीती वाटायची.

अखेर एका सकाळी लेकीनंच कुदळ उचलली. आईनं ती तिच्या हातून हिसकावून घेतली. आता ही कुदळ भिरकावून देणार, असं मला वाटलं. पण तिनं ती माझ्या शेजारीच मातीत मारली. त्या संध्याकाळी पावलं आली नाहीत. नंतरही कधी आली नाहीत.

किसून, पिळून पिंप भरलं. मला बेणं म्हणून फळीवर ठेवलं होतं, तिथून मी बघत होतो. पाणी निवळल्यावर लेक पिंपात वाकली.

"आई, पिंपाचा तळ दिसतोय. दरवर्षी केवढा जाड थर बसतो!"

आईनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोड होतं. इतकं गोड व्हायला किती उशीर व्हावा लागतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पिंपाचा काठ धरून ती खालीच बसली.

"ते नाही यायचे गं आता," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

मित्रांनो, कुणाची वाट बघायची असेल तर जरूर बघा. पण आम्हाला वेळेवर बाहेर काढा. आणि अशी वाट बघणारं माणूस शेजारी असेल, तर कुदळ घेऊन त्याच्या वाफ्यात जा. या घराच्या शेजाऱ्यांना बोट आली नाही हे माहीत होतं, तरी कुणी फिरकलं नाही. रोज आलं ते एकच माणूस, आणि त्याला कुदळ उचलता येत नव्हती.