मातीची बाई, कुंभवलीच्या माळावर

मी मातीची बाई बोलतेय. कुंभवलीच्या माळावर, कारखान्यांच्या कुंपणालगत कुशीवर निजलेली. माझी उंची मला ठाऊक नाही. मी कधी उभीच राहिले नाही.

प्रियदर्शिनी नावाच्या शिल्पकार मुलीने मला घडवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी जरा थांबून मातीकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं. तिने गावोगावची माती मागितली. खाडीकाठच्या माकुणसारची खारट माती माझ्या पायांत आली, इथली राखाडी माती पाठीत. तळहातावरची तांबडी माती डोंगरातल्या बायडीने आपल्या शेतातून टोपलीत भरून आणली.

बायडी इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सुट्टी झाली की माझ्या पोटाशी टेकून बसायची. मला वाटायचं, आम्ही दोघी एकच स्वप्न बघतोय.

"ताई, शेत दमलंय आमचं," ती एकदा प्रियदर्शिनीला म्हणाली. "काय पिकत नाय. नवरा म्हणतो, वीटभट्टीवाल्याला माती देऊन टाकू."

"एकदा खरवडून नेली की परत नाही येणार गं," प्रियदर्शिनी म्हणाली. "आधी हिच्या हातावर पेरून तर बघ."

दोघींनी माझ्या तळहातात शेण, कुजका पाला कालवला. बायडीने नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे पेरले. मी डोळे मिटून पडून राहिले. आत काहीतरी हलत होतं, झोपेत कुणी हलकेच हात धरावा तसं.

एका सकाळी माझा तळहात हिरवा झाला होता.

बायडी नवऱ्याला, जिवल्याला, ओढतच घेऊन आली.

"ही आपली माती?"

"आपलीच हाय. उपाशी होती. खायला घातलं."

जिवल्या उकिडवा बसला. त्याने रोपांच्या मुळाशी बोट खुपसलं आणि तसंच ठेवलं. मला त्याच्या नखाची धार कळत होती.

"भट्टीवाल्याला नाय म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला. "आता पाला गोळा करू."

आता त्यांच्या शेतात पाला कुजतोय. बायडी येते तेव्हा तिच्या अंगाला त्याचा गोडसर वास असतो.

माझा खांदा ओघळलाय. नाक तर राहिलंच नाही. लोक मायेनं म्हणतात, हिला सिमेंटचा लेप द्या, टिकेल. नको रे बाबांनो. सिमेंटखाली माझा श्वास कोंडेल. मला ओघळू द्या, माळात मिसळू द्या.

काल माझ्या कानात एक गांडूळ शिरलं. हळूहळू आत चाललंय. गुदगुल्या होतायत, आणि झोपही येतेय.