चकत्यांची माळ

प्रसादची अट साधी होती. ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर गेला, तर तो त्याला तारिहाळला आपल्या कारखान्यात नेणार, पत्र्याचं छप्पर घालून नीट ठेवणार. नाही गेला, तर त्याच दिवशी भंगारवाल्या बाबूच्या टेंपोतून मोडीत. मुदत दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, कारण पाडव्याला त्याला परसात पहिली कुदळ मारायची होती.

प्रसाद माझा धाकटा दीर. त्याचंही चुकत नव्हतं. सप्तापुरात मोकळं परस ठेवणं आता पाप झालंय. विद्यापीठातल्या आणि क्लासच्या पोरांना खोल्या पुरत नाहीत, आणि आमच्याकडे ऐन मोक्याच्या जागी, पेरूच्या झाडाखाली, बावीस वर्षं ट्रॅक्टर उभा. तिथं दोन खोल्या निघतात.

ट्रॅक्टर म्हटल्यावर कुणी शेतातला मोठा समजू नये. हा बागेतला. माझ्या कमरेएवढा, एका सिलिंडरचा, दोरी ओढून सुरू करायचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तो बेळगावात एका लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यावरून आणला आणि केलगेरीच्या पेरूच्या बागेत तीस वर्षं चालवला. मग बाग गेली, अप्पा गेले, आणि हा तेवढा राहिला.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी या घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं. नवी सून घड्याळ उघडते म्हणून शेजारपाजार बघायला आला. अप्पांनी एवढंच विचारलं, "परत बसवता येईल?" मी म्हटलं, "बघते." ते आत गेले आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. माझं यंत्रांचं शिक्षण म्हणायचं तर ते एवढंच. बाकी सगळं मी मोडून मोडून शिकले. तर अशा माणसाचा ट्रॅक्टर मी किलोवर जाऊ देणार नव्हते.

"वहिनी, मी दिवसभर लेथवर असतो," प्रसाद म्हणाला. "सांगतो ते ऐका. त्यात जीव नाही."

"उघडून बघितलास?"

"उघडायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

"डॉक्टर असं म्हणाला असता तर त्याच्या दवाखान्यासमोर तू धरणं धरलं असतंस."

तो हसला आणि तारीख तेवढी पुन्हा सांगून गेला.

श्रावणात सुरुवात केली. निम्मे बोल्ट गंजून जागच्या जागी चिकटलेले. त्यांच्यावर डिझेल सोडायचं आणि लोणचं मुरवावं तसं चार दिवस विसरून जायचं. पिस्टन अडकलेला, त्याला रॉकेल पाजलं. आमचे हे, सुमंत, कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना तीनशे वर्षांपूर्वी फुटलेली तोफ चालते, पण घरातलं यंत्र उघडं पडलेलं बघवत नाही. ते पडवीतून जाताना मान दुसरीकडे करून जायचे.

मागच्या पडवीत मी प्रत्येक सुटा भाग निघाला त्या क्रमानं मांडत गेले. फरशीवर खडूनं त्या भागाची बाह्यरेषा काढायची, आत नंबर घालायचा आणि वर तो भाग ठेवायचा. गॅस्केटचा कागद आणि व्हॉल्व घासायची पेस्ट दुर्गदबैलच्या बाजारात मिळाली. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीला पाठवा की बाई, मी त्याला समजावतो." मी म्हटलं, "मिस्त्री आलीय. समजावा."

नवरात्र आलं तोवर एकशे चौदा भाग मांडून झाले होते. त्यातल्या सगळ्यात नाजूक म्हणजे अकरा पितळी चकत्या, बांगडीसारख्या गोल, कागदासारख्या पातळ. काही इंजिनच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, काही गिअरबॉक्सच्या. दिसायला सगळ्या सारख्या, जाडीत केसाचा फरक. कुठली कुठं आणि किती, यावरच दांडा फिरणार की अडणार ते ठरतं. मी फोनवर फोटो काढले होते, नाही असं नाही. पण फोटोत चार चकत्यांची चळतसुद्धा एकच चकती दिसते. माझा सगळा भरवसा खडूवर होता.

खंडेनवमीला सकाळी मी झेंडूची फुलं आणायला गेले. परत येऊन बघते तर पडवी धुतलेली. ओली फरशी आरशासारखी चमकत होती आणि खडूची एक रेघ शिल्लक नव्हती.

अक्कांनी, माझ्या सासूबाईंनी, पूजेची तयारी केली होती. त्यांना मुलं-सुना सगळे अक्काच म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. पहाटे उठून त्यांनी एकूण एक भाग चिंचेनं घासला, धुतला, जुन्या धोतरानं पुसला आणि पाटांवर मांडला. मध्ये मोठं चाक, भोवती बोल्ट पाकळ्यांसारखे, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येकाला हळदीकुंकू. आणि इंजिनच्या सांगाड्याच्या गळ्यात माळ. अकरा पितळी चकत्यांची, पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली, लखलखीत.

इतकी सुंदर पूजा मी या घरात कधी बघितली नव्हती.

"छान दिसतंय ना?" अक्का म्हणाल्या.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही माझे दोन महिने धुऊन टाकलेत."

त्यांच्या लगेच लक्षात आलं नाही. आलं तेव्हा त्यांनी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली. मी बोललेलं परत घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. त्यात खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा, आज पाना हातात घ्यायचा नाही. म्हणजे चूक समोर मांडलेली, आरती झालेली, आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचं.

अक्का त्या दिवशी कमी जेवल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्यांचं होतं. पूजेत तरी नीट दिसावं असं वाटलं."

"दिसलं की," मी म्हटलं. याहून जास्त मला जमलं नाही.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर मी माळेचा दोरा कापला आणि कामाला लागले. बाकीचे भाग फोटोवरून हळूहळू जागेवर गेले. अडलं चकत्यांपाशी. मोजायचं कॅलिपर आणलं, जाड्या लिहून काढल्या, पण कुठली कुणाची हे त्या काही सांगेनात. अंदाजानं घालायच्या, झाकण आवळायचं, चाक हातानं फिरवायचं. अडलं की सगळं सोडायचं. एका खेपेला दीड तास. आठ दिवस गेले आणि पाडवा अकरा दिवसांवर आला.

नवव्या दिवशी अक्का पाट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी झाकण आवळलं. त्यांनी न विचारता हात पुढे करून चाक फिरवलं.

"जड जातंय," त्या म्हणाल्या. "एक घाल."

"काय घालू?"

"चकती. जातं जड गेलं की खुंट्याला चिंधी घालायचो. वरची तळी तेवढी उचलली जाते."

"अक्का, हे जातं नाही."

"मग काय आहे? दगडाच्या जागी लोखंड."

मी एक चकती घातली. त्यांनी फिरवलं. "अजून एक." तीही घातली. आता चाक भुर्रकन फिरलं आणि आतून रिकामा डबा वाजल्यासारखा आवाज आला.

"हे तुमचं जातं," मी म्हटलं.

"एवढ्यानं भरड निघेल," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आता पातळातली एक काढ."

असे आम्ही सहा दिवस बसलो. मी कॅलिपर लावून आकडा सांगायची, त्या मनगटानं ठरवायच्या. त्या दोनदा साफ चुकल्या, मी पाचदा. शेवटच्या दिवशी चाक असं फिरलं की ना अडलं ना वाजलं, सोडल्यावर दीड वेढा घेऊन आपोआप थांबलं. अक्कांनी हात पुसले. "हं. पुरणाची डाळ काढावी असं झालंय."

मला त्या दिवशी माफी मागायची होती. मी त्यांना चहा करून दिला, आलं जास्त घालून. त्या म्हणाल्या, "आलं जास्त झालंय." आमच्यात एवढं पुरतं.

पाडव्याच्या सकाळी सात वाजता, कुणी यायच्या आत, मी दोरी ओढली. पाचव्या खेपेला इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चालू राहिलं. पेरूवरची पाखरं उडाली. सुमंत दात घासत बाहेर आले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत उभे राहिले. तेवढ्यात आत दूध उतू जायचा वास आला म्हणून मी सगळं बंद करून धावले.

दहाला प्रसाद आला. हातात कुदळ, मागे बाबूचा टेंपो. बाबूनं टेंपो फाटकासमोर पलीकडच्या कडेला लावला.

"काय वहिनी, ओढायचा की उचलायचा?"

"बाजूला हो."

तिसऱ्या खेपेला सुरू झाला. मी चढून बसले, पहिला गिअर घातला. ट्रॅक्टर हलला. तुळशीशेजारून, हौदाशेजारून, माणूस चालेल त्या वेगानं तो फाटकाकडे निघाला. प्रसाद बाजूनं उलटा चालत होता, डोळे इंजिनवर. आवाज ऐकत होता, लेथवर कान ठेवणारा माणूस ऐकतो तसा. पुढची चाकं उंबरठ्याच्या दगडावरून रस्त्यावर उतरली.

आणि इंजिन बंद पडलं. आचका नाही, खोकला नाही. दिवा मालवावा तसं.

पुढची चाकं बाहेर, मागची आत.

मग प्रसाद हळूच म्हणाला, "वहिनी, बाहेर म्हणजे पूर्ण बाहेर."

"निम्मा गेलाय की," सुमंत म्हणाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. यंत्राच्या बाबतीत ते माझ्या बाजूनं बोलले ते त्या दिवशी.

"निम्म्याचं बोलणं झालं नव्हतं, दादा."

अक्का पायरीवरून उठल्या. "प्रसाद, बाळाचं डोकं बाहेर आलं की बाळंतीण सुटली म्हणतात."

"अक्का, हे बाळंतपण नाही."

"तू खांद्याशी अडला होतास. म्हणून परत आत ढकलला का तुला?"

बाबू टेंपोच्या दारात बसून खो खो हसत कानडीत म्हणाला, "भाळ गट्टी अदार्री नम्म अज्जी!" आजी भलत्या खमक्या आहेत, हे सांगायला त्याला आमच्या फाटकापर्यंत यावं लागलं.

माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझा हात टाकीखाली गेला होता. पेट्रोलची चावी बंद. सकाळी दुधाच्या वासावर धावताना मीच बंद केली होती. शेगडी सोडून जायचं तर चावी फिरवायची, हे इतक्या वर्षांत हाताला झालंय. हात मला विचारत नाही. नळीत आणि कार्बोरेटरमध्ये साठलं होतं तेवढ्यावर तो बिचारा इथपर्यंत आला होता.

मी चावी उघडली. प्रसादनं बघितलं.

"बंद होती?"

"होती."

कुदळ त्यानं फाटकाला टेकवून ठेवली आणि माझ्या हातातली दोरी घेतली. "द्या इकडे. तुम्ही बसा, उतरू नका." दोरी पुलीवर गुंडाळून त्यानं दोनदा हलकी ओढली, पेट्रोल खाली येईपर्यंत थांबला, मग एकदाच जोरात. इंजिन सुरू झालं. त्यानं तळहात झाकणावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"अक्का," तो ओरडला, "काय गोड फिरतंय हो हे!"

"बाबू," मग त्यानं हाक दिली, "फळी लाव. पोती अंथर खाली, घासायला नको. तारिहाळला जायचंय."

मी क्लच सोडला. मागची चाकं दगडावरून उतरली आणि मी रस्त्यावर आले, पूर्ण. टेंपोचं मागचं दार डाव्या हाताला होतं. पण त्या अरुंद रस्त्यात ट्रॅक्टर तिकडे वळवायचा तर आधी थोडा मागे घ्यायला हवा होता, आणि उलटा गिअर अजून लागत नव्हता. तेवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी, इकडे! टेंपो इकडे!"

"आले," मी म्हटलं आणि वळायला पुरेल एवढी जागा शोधत विद्यापीठाच्या रस्त्याकडे निघाले.