एका म्हशीचं दुप्पट दूध

“म्याडम, एकतर तुमचं मशीन खोटं बोलतंय, न्हायतर ती शालूबाई,” दूध संस्थेचे सेक्रेटरी विजयसिंह टॅब पुढे करत म्हणाले. “एका म्हशीचं दूध एका दिसात दुप्पट व्हतंय व्हय?”

शालूबाईला त्यांनी चारचौघांत चोर म्हणून तिचं दूध घेणं बंदच केलं होतं.

दुधाच्या नोंदी ठेवणारी संस्थेची वेबसाइट शहरात राजारामपुरीला ऑफिस असलेल्या स्वप्नालीनं बांधलेली. बांधलेली म्हणजे काय, जगभरच्या लोकांनी मिळून फुकट खुल्या केलेल्या एका फ्रेमवर्कच्या तयार पायावर तिनं चार भिंती उभ्या केलेल्या. पण पाया दुसऱ्याचा असला तरी भिंत पडली की शिव्या गवंड्यालाच.

ऑफिसात बसून तिनं हरतऱ्हेनं करून पाहिलं. नोंद मुकाट्यानं एकदाच व्हायची. शेवटी वैतागून ती दूध घालायच्या वेळी संस्थेतच जाऊन बसली. संस्थेत रेंज नव्हती. शेवटच्या माणसाची नोंद झाली की दूध मोजायच्या काट्यावरचा गुंडू टॅब घेऊन मारुतीच्या कट्ट्याकडे पळायचा. वाटेत रेंज लागायची, तुटायची, पुन्हा लागायची. नोंद पोचायची, पण पोच परत येण्याआधी रेंज तुटली की फ्रेमवर्क तीच नोंद पुन्हा पाठवायचं. टॅबवरून शेवटची नोंद सगळ्यांत आधी निघायची, म्हणून वाटेत तीच सापडायची; बाकीच्या कट्ट्यावरून नीट जायच्या. शालूबाईचं घर लांब, त्यामुळे रांगेत शेवटची कायम तीच.

“उगं पळतोस कशाला रे?”

“मग काय करू म्याडम? कट्ट्यावरच रेंज हाय की!”

स्वप्नालीनं दुरुस्ती लिहून फ्रेमवर्कवाल्यांना पाठवली. ‘आमच्याकडे असं होत नाही,’ असं उत्तर आलं. होईल कसं? त्यांच्याकडे गुंडू कुठला! मग तिनं गुंडूच्या पळण्याचा व्हिडिओच पाठवला. पुढच्या आवृत्तीत तिची दुरुस्ती आली, खाली बारीक अक्षरांत तिचं नाव. तिला मनापासून आनंद झाला.

त्याच आनंदात विजयसिंहांना घेऊन ती शालूबाईच्या दारी गेली.

“मावशी, चूक मशीनची हुती,” विजयसिंह म्हणाले. “उद्यापास्नं दूध घाला.”

शालूबाई किटली घासत होती. मान वर न करता म्हणाली, “मशीन चुकलं आसंल. पण चोर म्हणलासा, ते तोंड कुणाचं हुतं?”

विजयसिंह स्वप्नालीकडे बघू लागले.

“दूध दुसरीकडं लावलंय म्या.” हात पदराला पुसत ती उठली. “पोरी, तू बस. माज्यापायी लांबनं आलीयास. च्या घेऊन जा.”

थोड्या वेळानं आतून एकच कप आला. विजयसिंह दारातच उभे होते. स्वप्नालीनं खाली मान घालून चहा प्यायला.