मामाचे हात

आईचं म्हणणं असं, की मामाचे हात गेले. लेकीचं म्हणणं असं, की मामाचे हात जागच्या जागी आहेत, गेलंय ते आपल्या घरातलं इंटरनेट. या एका मुद्द्यावरून मायलेकींचं वर्षभर बिनसलेलं होतं. भांडण हातांनी चालायचं, त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांचे वडीलही तसेच. त्या घराची भाषा हातांची होती आणि लेक तीच शिकून मोठी झाली. नावंसुद्धा हातांनी ठेवलेली. मामा म्हणजे कानाची पाळी ओढायची, कारण लहानपणी आईने त्याचे कान फार ओढले होते. लेक म्हणजे गालावर बोट, तिथल्या खळीसाठी.

मामा समुद्रापलीकडे सुतारकाम करायचा, आई घरी कपडे शिवायची, आणि दर बुधवारी चार वाजता दोघं व्हिडिओवर भेटायची. लिहिण्याचा दोघांनाही मनापासून कंटाळा. बोलणाऱ्या माणसांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, काम भागतं. इथे चित्र अडकलं की वाक्यच अडकायचं. मामाचा हात कपाळाशी दिसायचा आणि एकदम पोटापाशी उगवायचा. मधलं सगळं गिळायची ती जुनी तांब्याची तार. त्यात दोघंही सावकाश बोलायला लागली होती, एकेक खूण धरून ठेवून, पाहुण्यांसमोर बसल्यासारखी.

"अगं, लाईन खराब आहे," लेक सांगायची. "मामाकडची चांगली आहे, आपलीच अडते."

"तुम्ही ऐकणारी माणसं हातांकडे बघत नाही," आई उत्तर द्यायची. "मी बघते. माझ्या बापाचं असंच झालं होतं. आधी हात संथ झाले, मग थरथरायला लागले."

पुढचं ती सांगायची नाही, पण लेकीला ठाऊक होतं. आजोबांचे हात गेले तेव्हा त्यांचं बोलणंच गेलं. शेवटची दोन वर्षं ते सगळ्यांकडे नुसते बघत राहिले होते.

मागच्या बुधवारी मामाचा पंजा पडद्यावर फडफडला आणि छातीपाशी थिजला, तेव्हा आईने निकाल देऊन टाकला. "पुढच्या बुधवारी एकदा भेटते. त्यानंतर तो मला दाखवू नकोस. बघवत नाही."

लेकीने त्याच संध्याकाळी फायबरसाठी अर्ज केला आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून कंपनीच्या नाकीनऊ आणले. शेवटी ज्या बुधवारचं आईने बजावलं होतं, त्याच बुधवारी अकरा वाजता माणूस आला.

वायरमन पन्नाशीचा होता, पोट सुटलेला, खांद्याच्या पिशवीचा पट्टा सुतळीने बांधलेला. आल्या आल्या मायलेकींना हातांनी बोलताना बघून त्याने लेकीला विचारलं, "मावशींना ऐकू येत नाही का?"

"नाही. पण त्यांच्याकडे बघून बोला, ओठांवरून थोडं कळतं त्यांना."

तो आईकडे वळला आणि एवढ्या मोठ्याने "नमस्कार" म्हणाला की जिन्यातलं मांजर पळालं. आई हसली. माणूस वाईट नाही, हे तिने तिथेच ठरवलं असावं.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. त्याने जाड काळी केबल सोलली आणि आतून केसाएवढी काचेची तार काढली. ती पुसून, कापून, एक डोळा घट्ट मिटून तो तिच्या टोकाकडे बघायचा, मग जोडायच्या यंत्रात ठेवायचा. भिंतीला ड्रिल लागलं तेव्हा आईने शेजारी तळहात टेकवला आणि भोक आरपार गेल्याचं लेकीच्या आधी तिनेच सांगितलं. दीड वाजता दाराजवळच्या पॅसेजमध्ये राउटरचा हिरवा दिवा लागला. वायरमनने मोबाईलवर स्पीड मोजून दाखवला. दोनशे.

लेक मोबाईल घेऊन आईच्या शिवणाच्या खोलीत गेली. तिथे आकडा नऊवर आला. परत मोजला. आठ.

तिने वायरमनला हाक मारली.

वायरमनही आत आला. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि मशीनसमोर, पॅसेजला लागून असलेल्या भिंतीवरच्या पुरुषभर उंचीच्या आरशाशी थांबला. "हा बघा चोर," तो म्हणाला. "आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो. सिग्नल तिथेच अडतो. हा समोरच्या भिंतीवर हलवा, झालं काम."

लेकीने सांगितलं तेव्हा आईने एकदाच मान हलवली. नाही.

"ताई, गिऱ्हाईकांना कपडे बघायचे तर आरसा कुठेही चालेल की," वायरमनच्या कपाळाला आठी पडली. "मला पुढे अजून दोन घरं आहेत."

"तो गिऱ्हाईकांसाठी नाही," लेक म्हणाली. "आई मशीनवर बसली की दाराकडे पाठ होते. मागून कोण आलं ते तिला ऐकू येत नाही. आरशात दिसतं. मी लहान असताना पाळण्यातून रडायचे, तेही ती त्या आरशातच बघायची."

वायरमन जाऊन आईच्या स्टुलावर बसला, मशीनसमोर, आणि मान वर केली. आरशात दार दिसत होतं, दारात उभी असलेली लेक दिसत होती.

"केबल कमी पडेल," तो उठत म्हणाला. "खाली गाडीत मोठं बंडल आहे. राउटरच इकडे आणू, मशीनच्या वर. आरसा राहू दे तिथेच."

"तुमची पुढची घरं?"

"फोन करून सांगतो त्यांना. थोडं थांबतील."

लेकीला तेव्हा त्या सुतळीने पट्टा बांधलेल्या माणसाबद्दल जे वाटलं ते तिला नीट सांगता आलं नाही. तिने पाण्याचा तांब्या भरून आणला, तेवढंच सुचलं. तिच्या जिवात जीव आला होता. ती नुसती बघत राहिली, एक अनोळखी माणूस तिच्या आईच्या आरशासाठी चार मजले उतरून पुन्हा चढतो आहे.

तो खिडकीच्या चौकटीतून केबल ओढत होता तेव्हा आईने त्याची पिशवी उचलली. सुतळी कात्रीने कापून फेकली, दुहेरी कापडाचा नवा पट्टा घेतला आणि मशीनवर चार वेळा मागे-पुढे शिवून टाकला. वायरमनने वळून बघितलं तोवर पिशवी खुंटीवर होती. त्याने पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"आभारी आहे हे हातांनी कसं म्हणायचं?" त्याने लेकीला विचारलं.

तिने दाखवलं. त्याने ते आईसमोर केलं, थोडं चुकीचं, पण पोचलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना खोलीत आकडा आला, एकशे नव्वद. आईने त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने केस सारखे केले आणि पडद्यासमोर बसली. मांडीवर हात एकमेकांत घट्ट धरलेले होते.

मामा आला. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याच्या बाहीवरचा लाकडाचा भुसा दिसत होता. त्याने हात वर केला आणि अगदी संथपणे, एकेक खूण धरून ठेवत म्हणाला, "कशी... आहेस... तू?"

आईचा चेहरा उतरला. तिने लेकीकडे बघितलं, आणि त्या नजरेत जिंकल्याचा आनंद औषधालासुद्धा नव्हता. लेकीने राउटरकडे बघितलं. लाईन तर आता आरशासारखी स्वच्छ होती. म्हणजे आईचंच खरं?

"मी... बरी... आहे," आईने तितक्याच संथपणे उत्तर दिलं.

मामा पुढे झुकला. त्याने आईच्या हातांकडे खूप वेळ बघितलं. मग वर्षभर जे ओठांवर, म्हणजे बोटांवर, आणून परत फिरवलं होतं ते तो बोलला.

"ताई, खरं सांग. तुझे हात दुखतात का?"

आईला समजलं नाही.

"किती हळू बोलतेस तू," मामा म्हणाला. "वर्षभर बघतोय. बाबांचं झालं तसं तुझंही झालं. मला विचारायचा धीर होत नव्हता. मी मुद्दाम तुझ्या वेगाने बोलतो, तुला वाईट वाटू नये म्हणून."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसायला लागली, आणि तिच्या हातांचा पट्टा सुटला. "माझे हात? मूर्खा, माझे? आत्ताच एक पट्टा शिवलाय, चार वेळा मागे-पुढे! तू हळू बोलतोस म्हणून मी हळू! मी तुझ्यासाठी रडत होते वर्षभर, तुझे हात गेले म्हणून..."

मामाने दोन्ही हात हवेत उडवले. त्यानंतर काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. वर्षभराचं तुंबलेलं सगळं एकदम निघालं. मध्येच आईने एक डोळा घट्ट मिटून समोर काहीतरी धरल्यासारखं केलं आणि दाराकडे बोट दाखवलं. मामा मान डोलवत राहिला.

वायरमन खांद्यावर नवा पट्टा अडकवून दारात उभा होता. "माझ्याबद्दल बोलतायत का?"

"तुम्हाला नाव दिलंय तिने," लेक म्हणाली. "आमच्याकडे घरच्या माणसालाच मिळतं."

त्याने तसाच एक डोळा मिटून बघितला, स्वतःशीच. मग मोबाईल काढला. "जाता जाता स्पीड एकदा मोजून घेऊ का?"

लेकीने आईच्या हातांकडे बघितलं. याच हातांवर ती वाढली होती, आणि आता तिला तीनातला एक शब्द जेमतेम पकडता येत होता.

"नको," ती म्हणाली. "दिसतोय."